ठेंगापाळी

मुलांनो, ‘ठेंगा’ म्हटलं की आपल्याला अंगठा आठवतो. ओडिशात मात्र ठेंगा म्हणजे काठी. आणि पाळी म्हणजे आपलीच पाळी, बरं का! दोन्ही मिळून झाली ‘ठेंगापाळी’. ती पाहायची तर भुवनेश्वरहून पश्चिमेला नयागढ जिल्ह्यात जायचं. तिथे भाताची खाचरं आणि मधूनमधून सालवृक्षांनी भरलेल्या टेकड्या दिसतात.

त्या जिल्ह्यात केशरपूर गावाजवळ बिंझगिरी नावाचा डोंगर आहे. १९७० च्या सुमाराला तो पार बोडका झाला होता. कुणी घराच्या वाशांसाठी, तर कुणी मोळी विकायला झाडं तोडली होती. मग पावसात माती वाहून जाऊ लागली, झरे आटले. तेव्हा पायथ्याच्या गावांनी डोंगर राखायचं ठरवलं. केशरपूरच्या लोकांनी तर शेळ्यासुद्धा विकल्या! कारण सालाच्या तुटलेल्या बुंध्याला नवे फुटवे येतात, पण शेळीच्या तोंडून ते वाचले पाहिजेत ना?

नयागढमधल्या पुष्कळ गावांत या राखणीसाठी पगारी माणूस नसतो. ज्या घराच्या दारात काठी, त्या घराची पाळी. त्या घरच्यांनी दिवसभर जंगलात फिरायचं आणि परतल्यावर काठी शेजारच्या दाराला टेकवून ठेवायची. झालं! उद्या त्यांची पाळी. वही नको, निरोप नको. आमच्या वर्गात फळा पुसायची पाळी विसरणारे महाभाग खूप आहेत, पण काठीच दारात उभी असली तर विसरणार कसं? काही गावांत हे काम आता बायकाच करतात. चोर सापडला तर कुऱ्हाड काढून घेतात आणि गावाच्या बैठकीत दंड ठरतो.

पण चोर दर वेळी परगावचा लाकूड-व्यापारीच असतो असं नाही हं. कधी ती चुलीसाठी मोळी नेणारी शेजारच्या गावची बाई असते, कधी आपलाच सोयरा. मला वाटतं, व्यापाऱ्यापेक्षा सोयऱ्याला अडवणं जास्त अवघड. म्हणून कित्येक गावं वाळलेलं जळण नेऊ देतात, हिरव्या झाडाला मात्र हात लावू देत नाहीत.

शिवाय काठी गावाची असली तरी जंगल सरकारचं! २००६ च्या वनहक्क कायद्यानं ग्रामसभेला जंगल राखायचा अधिकार दिला. आपल्या गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर असा हक्क मिळाला. जंगलाची राखण मात्र ते गाव त्याच्या कितीतरी आधीपासून करत होतं.