वाळूत न रुतणारी खुर्ची

डेट्रॉईटच्या विमानतळावर भाईजान आम्हाला न्यायला आले, तेव्हा गाडी ते स्वतःच चालवत होते. स्टीअरिंगच्या डाव्या बाजूला एक दांडा होता. तो पुढे ढकलला की ब्रेक, खाली दाबला की गती. पाय जागच्या जागी, हलत नव्हते. आम्ही दोघे मागच्या सीटवर बसून त्या दांड्याकडेच बघत राहिलो. भाईजानना आम्ही अकरा वर्षांनी भेटत होतो आणि त्यांतली नऊ वर्षे ते व्हीलचेअरवर आहेत. फेब्रुवारीतल्या एका पहाटे, कामावर जाताना, रस्त्यावरच्या बर्फावरून गाडी घसरली आणि पाठीचा कणा दुखावला. कमरेखालचे अंग गेले. फोनवर ते नेहमी हसून बोलायचे, त्यामुळे आम्हाला ते कधी नीट कळलेच नव्हते असे म्हणायला हवे.

भाईजान म्हणजे आमचे थोरले बंधू. दाभोळच्या खाडीकाठी आमचे घर आहे. लहानपणी ते घरात कमी आणि खाडीवर जास्त असत. पाग टाकावा तर त्यांनीच, पाणी उतरले की चिखलात शिरून कालवे काढावीत तीही त्यांनीच. आमच्या दादांकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती. नाचणीत डुकरे शिरली की दादा रात्री माळ्यावर बसत आणि आठ वर्षांचे भाईजान कंदील धरून सोबतीला. पुढे 1972 मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला, आपल्याकडची शिकार बंद झाली, आणि ते योग्यच झाले. दादांची बंदूक पोलिसांत जमा झाली. पण रानात गप्प बसून वाट बघण्याची जी सवय त्या मुलाला लागली होती, ती गेली नाही. अमेरिकेत मोटारींच्या कारखान्यात नोकरी धरल्यावर तिथल्या मित्रांबरोबर ते पुन्हा रानात जाऊ लागले. अपघातानंतर तेही थांबले.

भाभी आम्हाला स्वयंपाकघरात हळूच म्हणाल्या, "घरात सगळं आहे. उतरंड आहे, लिफ्ट आहे, गाडी आहे. पण हा माणूस नऊ वर्षांत फरशी आणि डांबर सोडून कशावर गेलेला नाही."

कारण साधे आहे. नेहमीच्या व्हीलचेअरची पुढची दोन चाके तळहाताएवढी असतात. फरशीवर ती झकास वळतात, पण गवतात अडतात, खडीत अडखळतात आणि वाळूत तर सरळ खाली जातात. मागून जितका जोर लावावा तितकी ती अधिक रुततात. आम्ही भाईजानना त्यांच्या घरामागच्या हिरवळीवर नेऊन पाहिले. दहा पावलांत घाम फुटला आणि भाईजान म्हणाले, "राहू द्या. मला ढकलताना तुमचे चेहरे बघवत नाहीत."

पुतण्याने मात्र महिनाभर आधीच एक बेत करून ठेवला होता. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तो आम्हा सगळ्यांना घेऊन उत्तरेला निघाला. डिअरबॉर्नपासून चार-साडेचार तासांवर मिशिगन सरोवराच्या काठी 'स्लीपिंग बेअर ड्यून्स' नावाचा वाळूच्या डोंगरांचा प्रदेश आहे. 1970 मध्ये तो राष्ट्रीय संरक्षित किनारा झाला. नावामागे तिथल्या मूळ रहिवाशांची, अनिशिनाबे लोकांची, एक कथा आहे. पलीकडच्या काठावर वणवा पेटला म्हणून एक अस्वलीण दोन पिलांना घेऊन पोहत निघाली. ती काठाला लागली, पिले मागे राहिली आणि बुडाली. आई वाट बघत तिथेच झोपली, तिचा वाळूचा डोंगर झाला आणि पिलांची दोन बेटे झाली. नॉर्थ मॅनिटू आणि साउथ मॅनिटू ही ती बेटे काठावरून समोर दिसतात. कथा ऐकून भाभी बराच वेळ गप्प होत्या.

आधी आम्ही गाडीच्या रस्त्याने वर गेलो. तिथे सरोवरापासून साडेचारशे फूट उंचीवर एक सज्जा बांधला आहे. खाली कड्यासारखा वाळूचा उतार थेट पाण्यापर्यंत जातो. उतरणे सोपे, चढून येणे महाकठीण, अशा अर्थाच्या सूचना लावल्या आहेत आणि तरीही तरुण पोरे उतरतातच. पाणी निळे, क्षितिजापर्यंत. हे सरोवर आहे हे डोळ्यांना पटत नाही. फक्त खारा वास नाही, आणि भरती-ओहोटी म्हणावी अशी नाही. भाईजान सज्ज्याच्या कठड्याशी खुर्ची लावून बसले. आम्ही विचारले, "छान वाटतंय ना?" ते म्हणाले, "छानच आहे. पण हे म्हणजे दावतीला जाऊन ताट बघून परत येणं."

खरी गंमत खाली, ग्लेन आर्बर गावाजवळच्या 'बे व्ह्यू' नावाच्या पायवाटेवर होती. त्या किनाऱ्याला मदत करणाऱ्या नागरिकांच्या संस्थेने तिथे एक पट्ट्यांची खुर्ची ठेवली आहे. चाके नाहीतच. रणगाड्याला किंवा बुलडोझरला असतात तसे रबराचे दोन रुंद पट्टे, वर बसायची भक्कम खुर्ची, खाली बॅटरी, आणि हाताशी एक जॉयस्टिक. वजन सगळे मिळून दीड-दोनशे किलो तरी असावे, पण ते रुंद पट्ट्यांवर पसरते म्हणून वाळूत जात नाही. आधी नाव नोंदवायचे, भाडे काही नाही. संस्थेचे स्वयंसेवक बरोबर चालतात. आमच्याबरोबर एक निवृत्त शिक्षक आणि त्यांची पत्नी होती.

एका खुर्चीतून दुसऱ्या खुर्चीत जाणे हाही एक सोहळा असतो. गुळगुळीत फळी मध्ये टाकायची, हातांच्या जोरावर सरकत जायचे. भाईजान सफाईने सरकले. तेवढ्यात भाभी ओरडल्या, "उशी!" त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत हवेची एक खास उशी असते. खालच्या अंगाला संवेदना नसली की एकाच जागी दाब पडून कातडी कधी सडली ते माणसाला कळतच नाही. बेडसोर म्हणतात तो हाच. ती उशी नव्या खुर्चीत आधी ठेवायला हवी होती. पुन्हा फळी, पुन्हा सरकणे. त्या शिक्षकांनी घड्याळाकडे एकदाही बघितले नाही, हे आम्हाला त्या यंत्राइतकेच लक्षात राहिले.

मग भाईजाननी जॉयस्टिक पुढे केली. पहिल्या वळणापर्यंत आम्ही सगळे त्यांच्या भोवती, पडले तर धरायला हात पुढे करून. गवत आले, गवत ओलांडले. मुळे आली, खुर्ची एका बाजूला कलली, भाभींनी दुआ पुटपुटली, खुर्ची सरळ झाली. मेपलची पाने लालभडक होऊन वाटेवर पडली होती, त्यांच्यावरून पट्टे करकरत गेले. चालण्याच्या वेगाहून ती खुर्ची फार जोरात जात नाही. पण चढ आला तसे आम्ही दमलो आणि ते दमले नाहीत. पुढच्या वळणाआड ते दिसेनासे झाले. भाभी हाका मारू लागल्या, तेव्हा शिक्षकांच्या पत्नी म्हणाल्या, "जाऊ द्या त्यांना थोडं पुढे. सगळेच जातात."

आम्ही धापा टाकत टेकाडावर पोहोचलो तेव्हा भाईजान एकटेच सरोवराकडे बघत होते. पुतण्याने वेळ सांगितली. आम्ही शाफई, प्रवासात जुहर आणि असर एकत्र करून पढण्याची सवलत आम्हाला आहेच. तिथून किब्ला ईशान्येला येतो. आम्ही गवतावर चादर अंथरली, भाईजाननी जॉयस्टिक वळवून खुर्ची कम्पासप्रमाणे नेमकी त्या दिशेला लावली आणि बसूनच नमाज अदा केली. सलाम फेरल्यावर ते म्हणाले, "नऊ वर्षांनी मातीवर आलो. पाय टेकले नाहीत, पण मातीवर आहे."

परतीच्या वाटेवर किमतीची चौकशी निघाली, आपल्याला ती सवयच. असे यंत्र दहा हजार डॉलरच्या वरच जाते. सामान्य माणूस ते घेऊ शकत नाही, आणि वर्षातून चार वेळा रानात जाण्यासाठी घ्यायचे तरी कशाला? म्हणून एक खुर्ची वाटेच्या तोंडाशी ठेवायची आणि शंभर जणांनी ती वापरायची, हा त्यांचा हिशेब. मिशिगनच्या कितीतरी सरकारी उद्यानांतही अशा खुर्च्या विनाभाडे मिळतात. भाईजाननी विचारले, "आपल्याकडे काय आहे?" आम्ही आठवून सांगितले. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर नोव्हेंबर 2022 मध्ये व्हीलचेअरसाठी पाण्याच्या दिशेने लाकडी वाट झाली. पंधरवड्याच्या आतच मांदौस चक्रीवादळात तिचे टोक मोडले, मग दुरुस्त केले. आयआयटी मद्रासमधून निघालेल्या निओमोशन कंपनीने व्हीलचेअरला पुढून जोडायचे बॅटरीवरचे चाक काढले आहे, ते जोडले की खुर्चीची तीनचाकी स्कूटर होते आणि कच्च्या रस्त्यावरही जाते. "आणि कोकणात?" यावर आमच्याकडे उत्तर नव्हते.

दुसऱ्या आठवड्यात शिकारीचा विषय निघाला. मिशिगनमध्ये बंदुकीने हरणाच्या शिकारीचा हंगाम 15 ते 30 नोव्हेंबर. पण त्याआधी, ऑक्टोबरच्या मध्यावर, अपंग शिकाऱ्यांसाठी चार दिवस वेगळे राखून ठेवलेले असतात. एरवी चालत्या-थांबलेल्या कुठल्याच वाहनातून गोळी झाडायला मनाई. कायमचे अपंगत्व असलेल्याला मात्र थांबलेल्या वाहनातून शिकार करण्याचा परवाना मिळतो. पुतण्याच्या एका सहकाऱ्याच्या वडिलांचे तासाभरावर शेत आहे. हरणे मका फस्त करतात म्हणून ते वैतागलेले. त्यांनी बोलावले.

म्हाताऱ्यांनी शेताच्या कडेला लाकडी लपण बांधले होते. दार रुंद, दाराशी फळ्यांचा उतार आणि खिडकी बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. उभ्या माणसाच्या मापाची खिडकी असली तर खुर्चीतल्याला फक्त आभाळ दिसते, हे आमच्या कधी डोक्यात आले नसते. खुर्चीच्या सांगाड्याला पकडीने बसवायचा एक हात असतो. बंदुकीचे वजन तो पेलतो, माणसाने फक्त रोखायचे. ज्यांचे हातही चालत नाहीत त्यांच्यासाठी तोंडात धरायची नळी असते. ती ओढली वा फुंकली की चाप दाबला जातो. नारिंगी कपडा सर्व बाजूंनी दिसलाच पाहिजे असा तिथला नियम आहे. व्हीलचेअरच्या पाठीने अंगातले जाकीट झाकले जाते, म्हणून भाभींनी खुर्चीच्या पाठीलाच एक नारिंगी कापड शिवून टाकले होते.

तीन तास आम्ही गप्प बसलो. ऊन उतरले तशी थंडी वाढली. मग मक्याच्या पलीकडून दोन माद्या आल्या, मान वर करून थबकल्या. भाईजाननी बंदूक रोखली. ओठ हलले, बिस्मिल्लाह म्हणाले असावेत. आणि त्यांनी चापावरचे बोट काढून घेतले.

बाहेर आल्यावर पुतण्या चिडला होता. भाईजाननी समोरचा पाण्याचा चर दाखवला. "गोळी लागून जनावर त्यापलीकडे पळालं, तर सुरी घेऊन त्याच्यापर्यंत मी जाणार कसा?" गोळीने मेलेल्या जनावराबद्दल उलेमांत मतभेद आहेत, जिवंत हाती लागले तर जबह करायचे याबद्दल नाहीत. पुतण्या म्हणाला, मी धावलो असतो. "अंधारात? आणि सापडलं नसतं तर? जखमी करून रात्रभर तडफडत ठेवायचं? ज्याच्या मागे जाता येत नाही त्याच्यावर मी गोळी झाडत नाही. ती पट्ट्यांची खुर्ची इथे असती तर गोष्ट वेगळी." म्हाताऱ्यांनी सगळे ऐकले, चराची रुंदी पावलांनी मोजली आणि म्हणाले, पुढच्या वर्षीपर्यंत इथे पाइप टाकून माती भरतो.

त्या रात्री चूक आमची निघाली. भाईजानचे लोकरीच्या अस्तराचे बूट गाडीत ठेवायचे काम आमच्याकडे होते आणि ते गॅरेजमध्येच राहिले होते. साध्या बुटांत ते तीन तास बसले. घरी आल्यावर भाभींनी मोजे काढले तर बोटे पांढरी-निळी. त्यांना काहीच जाणवले नव्हते, जाणवणारच नव्हते. आम्ही घाबरून गरम पाण्याची पिशवी आणायला धावलो, तर भाभींनी ती हिसकावून घेतली. ज्या कातडीला थंडी कळत नाही तिला भाजलेलेही कळत नाही. कोमट खोलीत, कोरड्या पांघरुणात पाय ठेवून हळूहळू ऊब आणायची असते. तासाभराने रंग परत आला, अल्हम्दुलिल्लाह. भाभी आमच्याशी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बोलल्या नाहीत.

निघताना भाईजाननी आम्हाला एक काम दिले. दाभोळहून धोपाव्याला जी फेरीबोट जाते, ती आपला पुढचा जबडा जेटीवर टाकते आणि गाड्या थेट आत जातात. "जिथून गाडी जाते तिथून मी जाईन. मला जेटीवरून गर टाकायचा आहे. गळाचा दांडा खुर्चीला बांधायची पकड मी इथून आणीन. तुम्ही फक्त जेटी बघून सांगा."

घरी पोहोचल्यावर तिसऱ्या दिवशी आम्ही टेप घेऊन गेलो. तिकीट खिडकीतल्या मुलाला वाटले आम्ही सरकारी माणसे. जेटी रुंदीला भरपूर आहे, वरचा भाग कोरडा आणि खडबडीत. पण ओहोटीला खालची नऊ पावले उघडी पडतात आणि त्यांवर शेवाळ असते. आम्हीच घसरता घसरता वाचलो. हे सगळे रात्री फोनवर सांगितले. पलीकडे कागदाचा आवाज आला. भाईजान लिहून घेत होते. मग विचारले, "जानेवारीत भरती दिवसा कधी असेल तेवढं बघून ठेवा."