निळा म्हणजे कुठला निळा?

"निळा म्हणजे कुठला निळा?" पेंटरकाकांनी विचारलं आणि आमच्या घरात महायुद्ध पेटलं.

गाडी आजोबांची, 1972 ची फियाट. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात बनलेली. याच गाडीला पुढे 'पद्मिनी' हे नाव मिळालं. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी निवृत्त झाली. ती बातमी वाचून बाबांनी पार्किंगमध्ये जाऊन आमच्या फियाटवरची ताडपत्री ओढली आणि म्हणाले, "हिला एकदा तिच्या पहिल्या रंगात बघायचंय." मध्ये कधीतरी तिला मरून रंग फासला होता. बजेट आणि रंगाचं खातं माझ्याकडे आलं. आयटीतली पोरगी, दोन दिवसांत कलर कोड शोधून काढेन असा तोरा!

कसलं काय! आरसी बुकात नुसतं 'ब्ल्यू'. जुने फोटो काढले, तर गाडीच काय, आजोबाही लालसर. त्या काळच्या रंगीत फोटोंमधली निळी छटा बऱ्याचदा आधी उडते, हे तेव्हा कळलं.

"जिथं ऊन पोचत नाही तिथं शोधा," काका म्हणाले. डिकीच्या रबराखाली, मागच्या सीटमागे, डॅशबोर्डच्या आत. डॅशबोर्डमागे एक पत्र्याची पट्टी सापडली, मरूनच्या तडाख्यातून वाचलेली. ती घेऊन पेंटचं दुकान गाठलं. स्पेक्ट्रोफोटोमीटरने रंग मोजला, कॉम्प्युटरने फॉर्म्युला दिला. ट्यूबलाइटखाली तंतोतंत जुळला!

घरी आईने पट्टी आणि नमुना दोन्ही गॅलरीत नेलं. "हिरवट मारतोय." मॅचिंग सेंटरमधून ब्लाउजपीस उचलून थेट दुकानाबाहेर उन्हात जाणारी बाई ती! याला मेटामेरिझम म्हणतात. रंगद्रव्यं वेगळी असतील, तर एका उजेडात जुळलेले रंग दुसऱ्या उजेडात फटकून वागतात. आईला हे विनापुस्तक ठाऊक होतं.

त्यावर काकांचा नवा बॉम्ब. "ताई, ही पट्टीपण खोटं बोलतेय. जुना सिंथेटिक एनॅमल अंधारात पिवळा पडतो. थोडे दिवस उन्हात ठेवा." ठेवली, आणि खरंच, पिवळेपणा उतरला. मग काकांनी थेंबाथेंबाने टिंटर टाकत पाच पत्रे रंगवले. ओल्या रंगावर त्यांचा भरवसा नाही. वाळल्याशिवाय एकही पत्रा पट्टीशेजारी धरला नाही. चौथा बसला. सकाळी, दुपारी, बल्बखाली, कुठेही.

"हा नाही," बाबा म्हणाले. "आपली गाडी याच्याहून निळी होती. हा बघ, पाचवा."

माझा पेशन्स संपला. "बाबा, आठवणीत सगळंच जास्त निळं असतं!"

ते काहीच बोलले नाहीत. दोन दिवस नाहीत. शेवटी मी काकांना फोन करून सांगितलं, पाचवाच मारा, त्यांच्या मनासारखं होऊ दे. काका म्हणाले, लांबी अजून वाळायचीय, आठवडाभर थांबा.

त्याच आठवड्यात बाबांचं कित्येक महिने ढकललेलं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. उजव्या डोळ्याचं. डॉक्टरांनी सहज सांगितलं, की मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं आणि निळा प्रकाश अडवतं. मी चमकले. घरी आल्यावर पाचही पत्रे गॅलरीत मांडले.

बाबांनी आधी उजवा डोळा झाकला. "पाचवा." मग डावा झाकला. बराच वेळ बघत राहिले. "चौथा."

"माझ्या लक्षात नीट होतं गं," ते हळूच म्हणाले. "दिसत नव्हतं, एवढंच."

पट्टीचा पिवळेपणा काढायला मी रोज ऊन बघून गॅलरीत पळत होते. बाबांच्या डोळ्यांची तारीख मात्र प्रोजेक्टच्या डेडलाइनपायी मीच दोनदा पुढे ढकलली होती. सॉरी म्हणाले. त्यांनी टपली मारली.

गाडी सध्या प्रायमरमध्ये उभी आहे. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात. रंग दोन्ही डोळ्यांनी बघूनच मारायचा, असं ठरलंय. तोवर बाबा घरभर एक डोळा मिटून फिरतात. काल आईच्या साडीकडे बघून म्हणाले, "अगं, ही जांभळी आहे?"

"घेतली तेव्हापासून," आई म्हणाली.