अपुरी गोधडी

ज्या माणसानें आयुष्याचीं चौतीस वर्षें मुलांकडून शब्दरूपें आणि समास घोकून घेण्यांत घालविलीं, त्यानें म्हातारपणीं गोधडीवर लेख लिहावा हें आमच्या जुन्या विद्यार्थ्यांस चमत्कारिक वाटेल. वाटूं द्या. तीन वर्षांपूर्वीं कोणी आम्हांस असें भविष्य सांगितलें असतें, तर आम्हीही हंसलों असतों. आमच्या घरीं गोधड्या होत्या, त्या दरवर्षीं कोणीतरी शिवीत होतें, आणि थंडी पडली कीं त्या आमच्या अंगावर येत. गोधडीसंबंधीं आमचें ज्ञान एवढेंच होतें. तें 'कोणीतरी' म्हणजे आमची गृहिणी.

शब्द मात्र आम्हांस चांगला ठाऊक होता. संस्कृतांत गोधडीस कंथा म्हणतात. भर्तृहरीच्या वैराग्यशतकांत ही कंथा भेटते, आणि चिंध्याचिंध्यांची कंथा पांघरून निःस्पृहपणें हिंडणारा यति वर्गापुढें उभा करतांना आम्हांस मोठा आवेश येत असे. पाणिनीच्या सूत्रांतही कंथा आहे, पण ती गांवांच्या नांवांपुरती. तिच्या लिंगाचा निर्णय करण्यांत आम्हीं एकदां पाऊण तास खर्च केल्याचें स्मरतें. बंगालींत याच शब्दाचा 'कांथा' झाला. कानडी मुलखांत कौदी, सातारा-कोल्हापुराकडे वाकळ, आणि आमच्याकडे गोधडी. एवढी विद्या असून एक प्रश्न आम्हांस चौतीस वर्षांत सुचला नाहीं: त्या यतीची कंथा शिवली कोणीं? विरक्त पुरुष झोळींत सुईदोरा बाळगीत असेल, तर त्याची विरक्ति थोडी उणीच म्हणावयाची. कोठल्यातरी ओसरीवर एखाद्या बाईनें आपल्या जुन्या वस्त्रांचे तुकडे जोडले असतील, तेव्हां कोठें महाराजांचें वैराग्य शोभून दिसलें.

आमची गृहिणी गेली त्यास आतां तिसरें वर्ष चालू आहे. मार्गशीर्ष महिना होता. दिवस झाले, मंडळी पांगली. मुलगा चाकणच्या एका मोटारीच्या कारखान्यांत होता, त्यास कारखान्यानेंच जर्मनीस पाठविलें आहे; तो सुटी संपतांच परत गेला. सूनबाईंस तेव्हां दिवस होते. पुढें चैत्रांत नात झाली, आणि वैशाखांत, घरांत दुसरें कांहीं सुचेना म्हणून, आम्हीं माळ्यावरील पत्र्याची पेटी खालीं घेतली.

पेटींत एक गोधडी निघाली. लहान मुलाच्या अंथरुणाएवढी, आणि अर्धीच शिवलेली. वरचा थर सासूबाईंच्या जुन्या नऊवारी लुगड्याचा, खालचा तिच्या स्वतःच्या पातळाचा. मध्यें काय आहे हें कडेनें चाचपून पाहिलें, तों आमचे दोन सदरे, कॉलरी उसवून सपाट केलेले. मुलाचा शाळेचा गणवेश. आणि त्याचा कारखान्यांतील पहिला निळा गणवेश. टांक्यांचे चौकोनी फेरे कडेपासून आंत आंत येत होते. नऊ फेरे पुरे झाले होते आणि दहावा एका कोपऱ्याशीं थांबला होता. तेथें सुई तशीच टोचलेली होती. तिला गंज चढून कापडावर एक तांबूस डाग पडला होता.

रघुवंशाच्या आठव्या सर्गांतील अजविलाप आम्हीं कित्येक विद्यार्थ्यांस शिकविला आहे. वृत्त कोणतें, अलंकार कोणता, सर्व बिनचूक. त्या दुपारीं पेटीपुढें बसलों असतां त्यांतला एकही श्लोक आम्हांस आठवला नाहीं.

आम्ही चिंचवडगांवांत राहतों. आमच्या गल्लीच्या टोकास पूर्वीं एक वाडा होता, तेथें आतां इमारत उठली आहे, आणि तिच्या गच्चीवर पत्र्याच्या सावलींत दर शनिवारीं दुपारीं आठदहा बायका गोधड्या शिवीत बसतात. आमची गृहिणीही तेथें जात असे हें आम्हांस मागाहून कळलें. श्रावणांत एका शनिवारीं आम्ही ती गोधडी घेऊन जिने चढलों, आणि योग्य ती मजुरी घेऊन एवढें काम पुरें करून द्यावें, अशी विनंति केली. लातूरकडील एक बाई त्या मेळ्यांत सर्वांत वडील. १९९३ च्या भूकंपानंतर त्यांचें बिऱ्हाड इकडे आलें आणि यजमान भोसरीस कामाला लागले. त्यांनीं गोधडी मांडीवर घेतली, सुईच्या डागावरून बोट फिरविलें, आणि म्हणाल्या, "गुरुजी, ही आमच्या हातानं व्हायची नाही. तुम्हीच शिवा. आम्ही शिकवतो."

आम्हीं पुष्कळ सबबी सांगितल्या. दृष्टि मंद, बोटें ताठर, वय सदुसष्ट. एकही चालली नाहीं.

या गच्चीविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. पिंपरीस १९५४ सालीं पेनिसिलिनचा कारखाना निघाला, १९६२ सालीं औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, आणि पवनाकांठची भाताचीं व ज्वारीचीं शेतें पाहतां पाहतां यंत्रांखालीं गेलीं. ज्या चाकणास १६६० सालीं फिरंगोजी नरसाळ्यानें शायिस्तेखानाची फौज सुमारें दोन महिने थोपवून धरली, त्या चाकणास आतां मोटारी तयार होतात. या कारखान्यांनीं देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसें आणिलीं आणि माणसांच्या वळकट्यांतून गोधड्या आल्या. त्यामुळें आमच्या गच्चीवर लातूरची बाई आहे, जुन्नरच्या एक आजी आहेत, वर्धमानकडील एक बंगाली सून आहे, आणि चाकणच्या कारखान्यांत अभियंता असलेली एक तरुण मुलगीही आहे. झिजलेले निळे व खाकी गणवेश येथें इतके निघतात कीं या भागांतील निम्म्या गोधड्यांच्या पोटांत कारखाना भरलेला असेल.

आमच्या आजीच्या घरीं गोधडीस सोंवळ्यांत जागा नव्हती. रेशीम चाले, लोंकर चाले. सुती पांघरुणास हात लागला कीं पुन्हां स्नान. शिवणें या क्रियापदाचे मराठींत दोन अर्थ आहेत, टांके घालणें आणि स्पर्श करणें; आजीचा नियम असा कीं जी शिवलेली, तिला शिवूं नये. गच्चीवर कोण कोणत्या जातीची, हें आम्हांस अद्यापि ठाऊक नाहीं. मोठी गोधडी असली कीं चौघी तिच्या चार कडांवर बसतात आणि गुडघ्यास गुडघा लागतो.

आतां शिक्षणाची कथा. गोधडी आणि रजई यांत भेद आहे. रजईंत कापूस असतो. गोधडींत केवळ कापड, थरावर थर, आणि ते थर धरून ठेवणारा धावदोरा. टांक्यांत हा सर्वांत सोपा टांका. सुई खालीं जाते, वर येते, झालें. परंतु सहा थर एका वेळीं भेदून जेवढें वर तेवढेंच खालीं टाकणें, आणि दोरा इतका न ओढणें कीं कापड चुरगळेल, व इतका सैल न सोडणें कीं बोट अडकेल, हें सोपें नव्हे. प्रथम सर्व थर जमिनीवर अंथरून हातानें सपाट करावयाचे, मोठे टांके घालून ते तात्पुरते अडकवावयाचे, मग कडेपासून आंत यावयाचें. कडेपासूनच कां? म्हणजे कोठें फुगवटा आला तर तो मध्याकडे सरकत जातो आणि कोपरे चौरस राहतात. जुनें कापडच कां? तें धुवून धुवून मऊ झालेलें असतें, सुईस अडवीत नाहीं, अंगास टोंचत नाहीं आणि धुतल्यावर आटत नाहीं. आमच्या सरावासाठीं निराळें फडकें दिलें गेलें. पहिल्या शनिवारीं आम्हीं घातलेल्या दोन ओळी लातूरच्या बाईंनीं शांतपणें उसविल्या आणि फडकें आमच्या पुढें ठेविलें. अशा रीतीनें आम्हीं किती वह्या परत केल्या असतील! उसविलेल्या ओळीचीं भोकें कापडावर दिसत राहतात, हें त्या वेळीं आमच्या ध्यानांत आलें नव्हतें.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारीं शिवण बंद असतें. त्या दिवशीं प्रत्येकीनें आपलें काम पसरून दाखवावयाचें आणि इतरांनीं बोलावयाचें. बंगाली सूनबाईंनीं आपल्या आजीचा कांथा दाखविला. त्याच्यावरील मासे आणि कमळें भरण्यास लागलेला रंगीत दोरा जुन्या साड्यांच्या काठांतून ओढून काढलेला. स्टेला क्रामरिश या विदुषीनें १९३९ सालीं या कांथ्यांवर लेख लिहिला होता, ही माहिती अभियंता मुलीनें पुरविली. तिचें वाचन अफाट. उत्तर कानडांतील सिद्दी बायका आपल्या कवंदीच्या चार कोपऱ्यांवर कापडाचीं लहान फुलें लावितात आणि त्यांवांचून ती नागडी मानतात, हेंही तिच्याकडूनच कळलें. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांचा महाराष्ट्रांतील गोधड्यांवरील सचित्र ग्रंथ तिनें गच्चीवर आणिला होता, जुन्नरच्या आजी त्यांतलीं चित्रें पाहून म्हणाल्या, "ही तर आमच्या गोठ्यात अंथरलेली असायची."

हीच मुलगी चित्रगोधड्या करते. तिनें निळ्या गणवेशांच्या छटा जुळवून चाकणचा रस्ता केला आहे: तिन्हीसांजेची वेळ, ट्रकांची रांग, प्रत्येकाचे दोन पिवळे दिवे, आणि कडेला कांद्याचीं पोतीं. काम अप्रतिम आहे. पण ती तो भिंतीवर टांगते. जिच्याखालीं कोणी निजणार नाहीं तिला गोधडी कां म्हणावें, असें आम्हीं विचारलें. ती म्हणाली, "काका, तुम्ही श्लोक शिकवता ते काय पांघरायला?" गच्चीवर हंशा पिकला. उत्तर आम्हांस आजतागायत सुचलेलें नाहीं, तरी आमचें मत बदललेलें नाहीं.

वादाचा खरा प्रसंग थंडींत आला. महानगरपालिका बचत गटांसाठीं पवनाथडी जत्रा भरविते. तेथें आमच्या मंडळींनीं गोधड्या ठेवावयाच्या होत्या. विक्रीचा अनुभव फारसा सुखाचा नाहीं. सहा आठवड्यांच्या श्रमाचें मोल विचारून गिऱ्हाईक म्हणतें, जुन्याच कपड्यांची तर आहे. म्हणून या खेपेस कांहीं वस्तु केवळ दाखविण्यासाठीं टांगाव्यात असें ठरलें, आणि अभियंता मुलीनें आमच्या गृहिणीची गोधडी मागितली. अपुरीच, सुईसकट. "काका, आहे तशीच राहूं द्या," ती म्हणाली. "पुरी केलीत की ती आणखी एक गोधडी होईल. आत्ता ती काकूंची आहे."

तिनें एक दाखलाही दिला. अमेरिकेंत अलाबामा नदीच्या एका वळणावर जीज बेंड म्हणून वस्ती आहे. तेथील बायका गुलामांच्या वंशांतील. शेतांत झिजलेल्या कपड्यांच्या गोधड्या त्या थंडीसाठीं शिवीत. त्यांचें २००२ सालीं ह्यूस्टन आणि न्यूयॉर्क येथील संग्रहालयांत प्रदर्शन झालें, २००६ सालीं त्यांचीं चित्रें टपालाच्या तिकिटांवर आलीं. त्यांत मिसूरी पेटवे या बाईची १९४२ ची एक गोधडी आहे. नवरा वारल्यावर तिनें त्याचेच कामाचे कपडे फाडून ती शिवली. हें ऐकतांना सुईंत दोरा ओवण्याच्या निमित्तानें आम्हीं मान खालीं घातली. मग विचारलें, "ती तिनें कशासाठीं शिवली?" मुलगी प्रामाणिक, म्हणाली, "पांघरायला."

तरी तिच्या म्हणण्यांत बळ होतें. ती सुई काढली तर तिच्या हाताची शेवटची खूण आम्हींच मोडणार होतों. आठ दिवस आम्हीं गोधडीस हात लाविला नाहीं. पुढच्या शनिवारीं लातूरच्या बाई एवढेंच बोलल्या, "नात केवढी झाली?" आम्हीं सांगितलें, नऊ महिन्यांची. "मग ती कधी निजणार हिच्यावर?"

सुई आम्हीं काढली. ती सहज निघाली नाहीं. गंजानें कापडाचे दोन धागे तुटले. दोरा त्याच जातीचा, त्याच पांढऱ्या रंगाचा घेतला, कीं जोड कळूं नये, पण कळतोच. दहाव्या फेऱ्याच्या त्या कोपऱ्यापर्यंत टांके तांदळाच्या दाण्यांसारखे, आणि तेथून पुढें आमचे. मधला शेवटचा चौकोन मिटण्यापूर्वीं लातूरच्या बाईंनीं हात धरला, आणि कनवटीच्या पुडींतून चार तांदूळ काढून आंत टाकले. त्यांच्या आईकडे गोधडीला उपाशीं मिटीत नसत. आमच्या मनांत तेथें एक आशीर्वचन लिहून घालावें असें होतें. कागद खिशांतच राहिला.

फाल्गुनांत गोधडी टपालानें जर्मनीस गेली. आठवड्यानें मुलानें दूरध्वनीच्या पडद्यावर ती दाखविली. खोलींत जमिनीवर अंथरलेली, बाहेर अजून थंडी. तो बराच वेळ गप्प होता. मग त्यानें विचारलें, "बाबा, आईचे टाके कुठपर्यंत आहेत?"

"तांबूस डाग दिसतो ना," आम्ही म्हणालों, "तेथपर्यंत."

त्यानें दूरध्वनी खालीं नेला, इकडे फिरविला, तिकडे फिरविला. डाग कांहीं सांपडेना. डागावर नात बसली होती.