फ्रिजवरचा कागद

२०२२च्या नोव्हेंबरमध्ये आई पहिल्यांदा आमच्याकडे लीड्सला आली. बाबा गेल्यानंतरचा तिचा पहिलाच हिवाळा होता. सांगलीकडच्या त्या मोठ्या घरात तिने एकटीने राहू नये, म्हणून मी हट्टाने तिला घेऊन आलो. विमानतळावरून घरी आल्यावर तिने भिंतीला हात लावून पाहिला. "दगड आहे रे हा," म्हणाली. शंभर वर्षांपूर्वीचं विटांचं घर, भाड्याचं. भिंतीत पोकळी नाही, म्हणजे आत काही भरून ऊब धरून ठेवायची सोयही नाही.

तो हिवाळा ज्यांनी इंग्लंडमध्ये काढला त्यांना आठवत असेल, ऑफिसात हवेपेक्षा गॅसच्या दरावर जास्त बोलणं व्हायचं. आदल्या हिवाळ्यात गॅसचा दर युनिटला ४ पेन्सच्या आसपास होता. मग युक्रेनचं युद्ध झालं आणि ऑक्टोबरपासून सरकारने हस्तक्षेप करूनही तो १०.३ पेन्स झाला, विजेचा ३४ पेन्स. सरकार हिवाळाभर सहा हप्त्यांत एकूण ४०० पौंड बिलातून वळते करत होतं, तरी बिल उघडताना पोटात गोळा यायचा.

मला आकडेमोडीचा नाद आहे. मी एक कागद घेतला आणि एक युनिट ऊब घरात यायला कशाने किती पैसे पडतात ते मांडलं. नुसता दर पाहून चालत नाही. आमचा बॉयलर जळालेल्या गॅसमधली साधारण ९० टक्के उष्णता घरात देतो, बाकीची धुराबरोबर बाहेर. म्हणजे १०.३ भागिले ०.९, ११.४ पेन्स. साध्या विजेच्या हीटरमध्ये काही वाया जात नाही, पण वीजच महाग, म्हणून सरळ ३४ पेन्स. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आत आणतो, एका युनिट विजेत साधारण तीन युनिट ऊब. म्हणजे ३४ भागिले ३, ११.३ पेन्स. गॅसच्या अगदी बरोबरीला. पण तो बसवायला हजारो पौंड लागतात, आणि भाड्याच्या घरात तो निर्णय आपला नसतो. माझा एक सहकारी खेड्यात राहतो, तिथे गॅसची पाइपलाइनच नाही. त्याच्या अंगणात तेलाची टाकी. तेल एका वेळी निदान ५०० लिटर घ्यावं लागतं आणि त्याच्या दरावर सरकारी मर्यादाही नाही.

हा कागद मी फ्रिजवर चिकटवला. आईने चष्मा लावून तो वाचला. मी तिला बॉयलर समजावायला लागलो, तर तिने मध्येच थांबवलं. "म्हणजे बंबच की." खरंच होतं. आमच्या घरी तांब्याचा बंब होता. मधल्या नळीत चिपाडं पेटवायची, वरून गार पाणी ओतलं की तोटीतून गरम पाणी यायचं. आईचं म्हणणं एवढंच, की बंबाचा धूर हाताला भाजेल इतका गरम असायचा, म्हणजे ऊब वरूनच पळायची. नव्या बॉयलरची सगळी करामत तीच आहे. तो धुराची ऊबही काढून घेतो. पण रेडिएटरमधून परत येणारं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असेल तरच ते नीट जमतं. बहुतेक घरांत पाणी उगाच ७०-७५ अंशांवर तापवतात. मी आमचं ६० वर आणलं. फुकटची बचत.

आई आल्यावर आम्ही दिवसभर थर्मोस्टॅट १९ वर ठेवायचं ठरवलं होतं. बिल वाढणार हे गृहीतच धरलं होतं. पण तीन आठवडे झाले तरी वाढ दिसेना. मी खूश. ६० अंशांची युक्ती मी ऑफिसात चार जणांना सांगूनही टाकली.

मग एका रात्री सहज मोबाइलवर गॅसचा अर्ध्या-अर्ध्या तासाचा आलेख उघडला. सकाळी नऊनंतर शून्य. दुपारी चारला एकदम उंच खांब. आदल्या दिवशी तेच. त्याच्या आदल्या दिवशीही तेच.

आम्ही दोघं कामाला गेलो की आई थर्मोस्टॅटचं चाक १० वर आणत होती. चारला परत १९ वर. आम्ही सहाला यायचो तेव्हा घर उबदार असायचं.

दुसऱ्या दिवशी मी दुपारीच घरी आलो. आई दोन स्वेटर, शाल आणि मोजे घालून गोधडीत बसली होती. खोलीत १३ अंश. इथली आरोग्य यंत्रणा निदान १८ अंश ठेवा म्हणून सांगते. मी चिडलोच. "अगं, तो हीटर तरी लावायचास!" मी तिच्या खोलीत पंख्याचा हीटर आणून ठेवला होता. "लावला होता एकदा," ती म्हणाली. "ते स्वयंपाकघरातलं मीटर लगेच लाल झालं. आणि तू लिहिलंयस की कागदावर, वीज ३४. अरे, एकटीसाठी सगळं घर कशाला तापवायचं?"

मला काही बोलता येईना. तो कागद मी लिहिला होता. रोज जेवताना दर मीच काढत होतो. ती फक्त ऐकत होती.

त्या रात्री पुन्हा आकडेमोड केली, पण प्रश्न बदलून. सगळं घर नको, आईची एकच खोली. बाकीच्या रेडिएटरच्या चाव्या कमी करायच्या, दार लावून घ्यायचं. एका खोलीला ताशी साधारण एक युनिट ऊब लागेल असं धरलं. नऊ ते पाच, आठ तास. आठ गुणिले ११.४. पौंडसुद्धा होत नव्हता. स्टेशनवर मी रोज जी कॉफी घेत होतो, ती याहून महाग होती.

आईला हिशेब दाखवला. तिने तो दोनदा तपासला, मगच "बरं" म्हणाली. तरी आठवडाभर मी दुपारी आलेख उघडून बघत होतो.

मार्चमध्ये ती परत गेली. दर त्यानंतर बदलले, कागदावरचे आकडे आता जुने झालेत. तो अजून फ्रिजवरच आहे. गॅस ११.४, हीट पंप ११.३, वीज ३४, आणि खाली वेगळ्या शाईत: आईची खोली, ९ ते ५, ९१ पेन्स.