गंधाराखालची रेघ

परवा तेल्हाऱ्याला गेलो तेव्हा बाबांची पेटीची वही स्कॅन करून आणली. काफीच्या बंदिशी, भातखंडे पद्धतीने लिहिलेल्या. शाई फुटलेली, चष्मा लावूनही त्यांना वाचवेना. म्हणून मोठ्या अक्षरात सगळं टाइप करून दिलं.

बाबा वाजवायला बसले अन् थांबले. "अरे बाप्पा, हा तं खमाज झाला!"

कोमल गंधाराखालची आडवी रेघ टाइप करताना राहिली होती. कोमल निषादाखालची तेवढी होती. एका रेघेने रागच बदलला! गुरुजींनी पेन्सिलीने घातलेले कणस्वरही माझ्या टाइपात नव्हते. स्कॅनमध्ये मात्र दिसत होते.

आता पेटीवर टाइप केलेली पानं असतात, पण ओळ न् ओळ स्कॅनशी ताडून. स्कॅन मी पुसणार नाही.