सुपारी किती घेतासा?

रॉबर्ट वाइल्डरचा जन्म कोल्हापूरचा, १८६३ सालचा. वडील रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी, १८५२मध्ये इथे मिशनकार्याला आलेले. त्यांनी शाळा काढल्या, मंडळी जमवली. पुढे घर अमेरिकेला परतलं, रॉबर्ट प्रिन्स्टनला शिकला. १८८६च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मनच्या शिबिरात शंभर विद्यार्थी मिशनकार्यासाठी परदेशी जायला तयार झाले, त्यामागे या कोल्हापुरात जन्मलेल्या पोराची मोठी धडपड होती. नंतर तो आणि त्याचा सोबती जॉन फोरमन कॉलेजामागून कॉलेजं पालथी घालत फिरले. त्यातून विद्यार्थ्यांची एक प्रचंड चळवळ उभी राहिली. याच पिढीत जगभर शुभवर्तमान पोचवायचं, हे त्या तरुणांचं घोषवाक्य होतं.

आमच्या तरुण संघातल्या मुलांना मी ही हकिकत आवर्जून सांगते. विशीतल्या माणसाला उठून कुठंतरी जावंसं वाटतं, दुसऱ्याच्या उपयोगी पडावंसं वाटतं, त्या वाटण्याची मला फार कदर आहे. पण ‘याच पिढीत’ हे शब्द मला प्रत्येक वेळी टोचतात. त्यांत घाई आहे. अडचणीत सापडलेल्या पोरापाशी घाईने जाऊन काहीही हाती लागत नाही, हे मी शाहूवाडी तालुक्यात पाहिलं.

कोल्हापूर ते या तालुक्यातलं मलकापूर पन्नासेक किलोमीटर. बांबवडे मागे पडलं की ऊस विरळ होत जातो, भाताची खाचरं आणि माळावरचं गवत सुरू होतं. मलकापुरातून आंब्याकडे निघालं की डोंगर अंगावर येतो. पाऊस असा की चार महिने घरातलं लाकूडफाटं वाळत नाही. पिकलं तर गव्यांपासून राखायचं. वारणेच्या खोऱ्यातली काही गावं चांदोली धरणापायी उठली, काही माणसं मुंबईच्या गिरण्यांच्या काळापासूनच बाहेर. घरटी एक तरी माणूस मुंबईला, नाहीतर शिरोलीच्या एमआयडीसीत. मागे राहतात म्हातारी माणसं आणि ज्यांचं अजून काही ठरलेलं नाही अशी पोरं.

या पोरांची सकाळ रस्त्यावर धावण्यात जाते. पोलीस भरतीला सोळाशे मीटर धावायचं असतं. अंधार असतानाच डांबरी सडकेवर पायांचा आवाज येतो आणि वडापच्या जीपवाल्यांना हे सवयीचं असल्यामुळे ते गाडी बाजूने काढतात. बहुतेकांची भरती होत नाही. एकदा जागा निघतात, मग निघतच नाहीत, मग वय निघून जातं. ज्याचं काही जमलं नाही त्याचं लग्नही जमत नाही. दुपारी मोबाइलवर पैसे लावायचे खेळ, संध्याकाळी देशी. घरी आई बोलत नाही आणि बाप बोलतो तेव्हा शिव्याच बोलतो. हा काही गुन्हेगार नव्हे. त्याने काहीच केलेलं नाही, हेच त्याचं दुखणं.

अठराच्या आतलं लेकरू वाट चुकलं तर त्याच्यासाठी २०१५चा बाल न्याय कायदा आहे, बाल कल्याण समिती आहे, निरीक्षणगृह आहे. महाराष्ट्राने यात बऱ्याच आधी हात घातला होता: मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची औद्योगिक शाळा १८५७ची, मुंबई इलाख्याचा बालकांसाठीचा कायदा १९२४चा. संस्थेतून अठराव्या वर्षी बाहेर पडणाऱ्याला एकविसाव्यापर्यंत आधार द्यायची तरतूदही आजच्या कायद्यात आहे. पण जो कधी संस्थेत गेलाच नाही, कुणाच्या रजिस्टरात ज्याचं नाव नाही, त्या बाविशीतल्या पोराचं काय? त्याला गावात विचारणारं फक्त तरुण मंडळ, आणि तेही गणपतीच्या वर्गणीपुरतं.

म्हणून आमच्या गायनवृंदाने नाताळाआधीच्या आगमनकाळात शाहूवाडीकडे जायचं ठरवलं तेव्हा मी पेटी घेऊन बरोबर निघाले. मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना वाटत होतं की कॅरल चार आवाजांत म्हणावेत, कोल्हापुरात छान होतात. मुलांनी वेगळं ठरवलं. गिटार घेतली, पण ढोलकी आणि टाळ आधी घेतले. ‘उपासना संगीत’ या आमच्या गीतपुस्तकात दोन्ही घराणी शेजारी-शेजारी नांदतात, परदेशी चालींवर बसवलेली गीतं आणि आपल्या छंदातली भजनं. मुलांनी भजनं निवडली, आणि मला ते मनापासून पटलं.

त्यामागे थोडा इतिहास आहे. मिशनऱ्यांनी आणलेल्या चाली सुंदर होत्या, पण त्या म्हणायला कागद लागतो, आपला आवाज कोणता ते आधी ठाऊक असावं लागतं, आणि एकदा ओळ सुटली की पुढच्या कडव्यापर्यंत गप्प उभं राहावं लागतं. एकोणिसाव्या शतकात तेव्हाच्या अहमदनगरला कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. त्यानंतर नारायण वामन टिळकांनी येशूला अभंगात आणि ओवीत आणलं. त्यांच्यामुळे निरक्षर माणसालाही उपासनेत तोंड उघडता आलं. भजनात धृपद परत परत येतं. उशिरा आलेल्याला, शब्द विसरलेल्याला, लाजणाऱ्याला, सगळ्यांना त्यात पुन्हा शिरायला जागा असते. पहिल्यांदा नुसतं ऐकायचं, दुसऱ्यांदा ओठ हलवायचे, तिसऱ्यांदा म्हणायचं. चार आवाजांच्या गाण्याला मी कमी लेखत नाही, माझा अर्धा जन्म त्यात गेला. पण शाळेतून सुटलेल्या, भरतीतून सुटलेल्या, घरातल्या बोलण्यातूनही सुटलेल्या पोराला आणखी एक सुटायची जागा कशाला दाखवायची?

गावचं समाजमंदिर. वर पत्रा, खाली शहाबादी फरशी, भिंतीवर बाबासाहेबांची आणि शाहू महाराजांची तसबीर. पुढे बायका, पोरं, भजनी मंडळातले चार म्हातारे. तरुण सगळे बाहेर, मोटारसायकलींवर बसून. एकजण दाराच्या चौकटीला खांदा लावून उभा होता, ना आत ना बाहेर. टिळकांचं एक भजन सुरू झालं. ठेका ओळखीचा निघाल्यावर म्हाताऱ्यांपैकी एकाने न विचारता टाळ उचलले. धृपद दुसऱ्यांदा आलं तेव्हा चौकटीवर त्या पोराची बोटं चालू झाली. ठेका साधा नव्हता, तो मधल्या मात्रा भरत होता, आणि त्या बरोबर जागी पडत होत्या. आमच्या ढोलकीवाल्याने मान वर केली, त्याच्याकडे पाहिलं आणि बसल्या जागी थोडा सरकला. त्या सरकण्यात आमंत्रण होतं, आग्रह नव्हता. पोरगा आत आला नाही.

गाणी संपल्यावर चहा झाला तेव्हा मात्र तो आला. ढोलकीवर बोट फिरवत त्याने विचारलं, “सुपारी किती घेतासा?”

बेंजो पार्टीत वाजवलेला पोरगा होता. लग्न, वरात, मिरवणूक, प्रत्येक वाजवण्याची सुपारी असते आणि ती आधी ठरते. आमचा ढोलकीवाला वारणाकाठचा, त्याच बोलीतला. “सुपारी न्हाई. वर्गणी काढून आलोय.”

“मग तुमचा काय फायदा?”

“फायदा काय न्हाई. आमी देवाचं गातो.”

“असं कोण फुकट येतं व्हय?” पोरगा हसला नाही. त्याला खरंच कळून घ्यायचं होतं.

हा प्रश्न मला त्या दिवसापासून सोडत नाही, आणि सोडूही नये. शाहूवाडीच्या पोरांनी येणारी माणसं पुष्कळ पाहिली आहेत. आषाढात पन्हाळ्यावरून पावनखिंडीकडे चालत येणारी पथकं, पावसाळ्यात बरकीच्या धबधब्याला येणाऱ्या गाड्या, निवडणुकीतले कार्यकर्ते. प्रत्येकजण काहीतरी न्यायला येतो: फोटो, मत, दोन घटका मजा. फुकट येणाऱ्यावर त्यांनी संशय घेतला तर तो शहाणपणाच. त्यातून आम्ही ख्रिस्ती. लोक काय म्हणतात ते आम्हाला ठाऊक असतं.

एक आजी तर स्पष्टच बोलली. माझा हात धरून म्हणाली, “बाई, पोरास्नी काय करायला लावणार न्हाईसा न्हवं?” मी म्हटलं, “न्हाई, आजी.” हे मी तिला बरं वाटावं म्हणून म्हटलं नाही. श्रद्धा बदलली की घरावर काय येतं, हे मराठी ख्रिस्ती माणसाला कुणी शिकवायला नको. टिळकांनी १८९५मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा संसार मोडला. त्यानंतरच्या वर्षांत त्या बाईने काय सोसलं ते ‘स्मृतिचित्रे’त आहे. १९००मध्ये त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या, पण स्वतःच्या वाटेने, स्वतःच्या वेळी, आपल्या मनाची खात्री करून. कुणाची पडती बाजू पाहून त्याला काही मागणं हा त्याचा अपमान आहे, आणि येशूचाही. नोकरी नाही, दारू लागली आहे, घरात कुणी बोलत नाही, अशा माणसाच्या गळ्यात पडून ‘आमच्याकडे ये’ म्हणणं हा सौदा आहे. तो सौदा आम्हाला करायचा नाही. आम्ही कोण, हे मात्र लपवायचं नाही. ‘देवाचं गातो’ हे आमच्या ढोलकीवाल्याने दिलेलं उत्तर मला म्हणूनच पुरेसं वाटलं. त्यात दुसरं काही दडवलेलं नव्हतं.

पण एकदा येऊन गेलं की तेच उत्तर खोटं पडतं. धृपद एकदाच म्हटलं तर ते धृपद नव्हे. फेऱ्या मारणाऱ्या गायनवृंदांबद्दल माझी खरी तक्रार हीच आहे. गाडी भरून जायचं, एका दिवसात तीन गावं करायची, शेवटी सगळ्यांनी मिळून फोटो. ज्याने पहिल्या दिवशी बोटांनी ठेका धरला तो दुसऱ्यांदा ओठ हलवेल की नाही, हे बघायला कुणी थांबलेलं नसतं. मुलांनी फोटो काढायचे नाहीत असं आपण होऊन ठरवलं, तेव्हा मला त्यांचा अभिमान वाटला. महिन्याचा एक शनिवार त्याच गावाला द्यायचा, नवीन गाव घ्यायचं नाही, हेही त्यांनीच ठरवलं.

पंडिता रमाबाईंच्या मुक्तीसदनाची गोष्ट मला इथे आठवते. १८९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो मुली केडगावला आणल्या: पोरक्या, उपाशी, फसवल्या गेलेल्या. आणि १९०५च्या सुमाराला त्याच मुलींमधले गट प्रार्थना करत, सांगत आसपासच्या खेड्यांत निघाले. मदत घेणाऱ्याच मदतीला निघाल्या होत्या. याला फक्त आठ वर्षं लागली, पण ती आठ वर्षं कुणीतरी त्यांच्याबरोबर राहिलं होतं, त्यांना जेवू घातलं होतं, वाचायला शिकवलं होतं, त्यांची आजारपणं काढली होती. अडचणीतली तरुण माणसं हे नुसतं ‘जाण्याचं ठिकाण’ नसतं. त्यांच्यात वाजवणारे असतात, गाणारे असतात, आमच्याहून चांगले.

शाहूवाडीत ते फार लवकर सिद्ध झालं. पुढे एका शनिवारी तो बेंजोवाला आपल्या दोन मित्रांना घेऊन आत बसला. त्याने आमच्या ढोलकीवाल्याला बोट कसं मारायचं ते दाखवलं. धुमाळीत एक मात्रा मागे ठेवायची त्याची लकब होती, ती आमच्याकडे कुणाला येत नव्हती. भरतीचं वय जायच्या आत आता एकच संधी उरलीय, हे तो बोलताबोलता सांगून गेला. दारूबद्दल तो बोलला नाही, आम्ही विचारलं नाही. मग म्हणाला, “आता आमचं एक घेऊ.” आणि त्याने जोतिबाचं गाणं लावलं. समाजमंदिरातली सगळी माणसं ताठ झाली. आमची मुलं क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मी काही बोलायच्या आत आमच्या ढोलकीवाल्याने ठेका धरला होता. आपल्या गाण्याला वाजवतो तसाच, हातचं न राखता. गिटारवाला नुसता ऐकत बसला, त्याला सूर सापडेना. दोघांचंही मला बरोबर वाटलं.

ही गोष्ट कोल्हापुरात मंडळीच्या कानावर गेली. पुढच्या रविवारी उपासना संपल्यावर एका वडीलधाऱ्या बंधूंनी मला थांबवलं. मंडळीसाठी आयुष्य वेचलेला माणूस. त्यांना खरी वेदना झाली होती. “बाई, आपण तिथे साक्ष द्यायला गेलो होतो ना? मग हे काय?” मी त्यांना म्हटलं, दादा, त्या पोराने आमच्या देवाचं भजन तीनदा ऐकलं, त्याला ताल दिला, आमच्याशी बसून चहा प्याला. त्याच्याकडून आम्ही ऐकायचं नाही, एवढं सांगायला मी तिथे गेले नव्हते. आमच्या मुलाने कुणाला हात जोडले नाहीत, कुणाला नमस्कार घातला नाही. एका पोराला त्याचं गाणं नीट म्हणता यावं म्हणून ठेका दिला. याहून चांगली साक्ष मला ठाऊक नाही.

त्यांना ते पटलं असं मी म्हणणार नाही. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि विचारलं, “तो पोरगा भरतीला उभा राहिला का?” मी म्हटलं, फेब्रुवारीत मैदान आहे म्हणतात. ते म्हणाले, त्याला बूट आहेत का विचारा. मुलांना सांगितलं तर त्यांच्यात लगेच वाद सुरू झाला, बूट द्यावेत की देऊ नयेत. दिले तर तीही सुपारीच ठरणार नाही ना, असं ढोलकीवाल्याचं म्हणणं पडलं. शेवटी त्याने स्वतःच तोडगा काढला: शनिवारी रात्री गावातच राहायचं आणि पहाटे त्या पोराबरोबर सोळाशे मीटर पळायचं. बूट कुणाचे कसे आहेत, ते तिथंच कळेल.