पाठलाग करणाऱ्याचं अक्षर

बिली द किडला गोळी घातल्यावर शेरीफ पॅट गॅरेट वळतो आणि आरशात दिसणाऱ्या स्वतःवरही एक गोळी झाडतो. सॅम पेकिनपाच्या १९७३ च्या ‘पॅट गॅरेट अँड बिली द किड’ या सिनेमातला हा प्रसंग. दोघं जुने साथीदार, एका ताटात जेवलेले. पुढे एकाचे केस पिकायला लागले, मुलखातल्या बड्या धेंडांनी त्याच्या छातीवर बिल्ला लावला आणि सांगितलं, आता त्या दुसऱ्याचा बंदोबस्त कर. जेम्स कोबर्नचा गॅरेट मग सिनेमाभर बिलीला शोधत नाही, टाळत फिरतो. कुठे असेल हे त्याला पहिल्यापासून ठाऊक आहे. पाठलाग इतका रेंगाळत चाललेला दुसरा वेस्टर्न माझ्या पाहण्यात नाही.

हा सिनेमा मी धाराशिव जिल्ह्यातल्या बेंबळीला, घरच्या ओसरीत, आबांच्या शेजारी बसून पाहिला. आबा म्हणजे माझे चुलते, हवालदार म्हणून निवृत्त झालेले. इंग्रजीचा त्यांना गंध नाही, पण चेहरे वाचण्यात हयात गेलेली. पंधराव्या मिनिटाला म्हणाले, “ह्यो पोलीस हाय न्हवं? मग ह्येचं तोंड आरोपीवानी का दिसायलंय?” समीक्षकांनी या सिनेमावर पानंच्या पानं लिहिली आहेत, मला आबांचं वाक्य पुरतं.

त्यातला एक म्हातारा शेरीफ आबांना फार आवडला. कामाला कंटाळलेला, घराजवळ होडी बांधत बसलेला. “होडी बांधून कुठं जायचंय त्येला?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “हा मुलूख सोडून, आबा.” गॅरेट त्याला सोबत चल म्हणतो, तो नाखुशीने जातो, चकमकीत गोळी लागते. पोटावर हात दाबून तो नदीकाठी जाऊन बसतो. बायको मागून येते, थोडी दूरच थांबते, त्याच्याकडे बघत रडते. बॉब डिलनचं गाणं सुरू होतं. डिलनने संगीत तर दिलंयच, शिवाय बारीकशी भूमिकाही केली आहे. ती नसती तरी चाललं असतं. आबांना गाण्याशी देणंघेणं नव्हतं. होडी तशीच राहिली, एवढंच ते दोनदा म्हणाले.

आणि तो अलामोसा बिल! स्वतः वाकड्या वाटेचा माणूस, गॅरेट त्याला हाताशी धरतो आणि बिल्ला लावून मोकळा होतो. थोड्याच वेळात बिलीशी गाठ पडते, तीही एका कुटुंबाच्या जेवणाच्या पंगतीत. जेवण उरकून दोघं अंगणात पाठमोरे उभे राहतात, दहा पावलं मोजून गोळ्या झाडायच्या असं ठरतं. दोघंही दहा पुरे होऊ देत नाहीत. कायद्याच्या बाजूचा आणि कायद्याबाहेरचा, लबाडी दोघांची सारखीच. ‘शोले’त ठाकूर ठाकूर राहतो आणि जय-वीरू जय-वीरू, इथे तशी वाटणीच नाही.

पडद्याबाहेरची गोष्ट मात्र मला याहून चमत्कारिक वाटते. खऱ्या गॅरेटने बिलीला मारलं १४ जुलै १८८१ रोजी, न्यू मेक्सिकोत फोर्ट समनरला. पुढच्याच वर्षी बिलीचं चरित्र छापून आलं. लेखक म्हणून नाव कुणाचं? पॅट गॅरेटचं! मजकूर बराचसा त्याच्या अ‍ॅश अपसन नावाच्या पत्रकार मित्राने रचलेला, पण सही मारणाऱ्याची. बिलीच्या दंतकथेचा पाया त्या पुस्तकाने घातला. आधी माणूस मारायचा, मग त्याची गोष्टही आपणच सांगायची.

हे अमेरिकेचंच खूळ असेल असं कुणाला वाटलं तर त्याने पन्नास वर्षं मागे, पुण्याला यावं. उमाजी नाईक पुरंदरच्या भिवडीचा. त्याच्या रामोशी समाजाकडे गडाची राखण पिढीजात. गावात चोरी झाली तर माग काढायचा, तो पुढच्या गावच्या शिवेपर्यंत पोचवायचा, नाहीतर भरपाई द्यायची, ही रामोशाची जबाबदारी. चोराची चाल ज्याला कळते त्यानेच गाव राखावं, हा जुना हिशेब. इंग्रजांनी वतनं आणि हक्क काढून घेतले, आणि राखणदार दप्तरात दरोडेखोर झाला. दडपून जमेना तेव्हा १८२८ च्या सुमारास सरकारने उमाजीला माफी दिली आणि बंदोबस्ताच्या चाकरीतच घेतलं. बिल्ला लावला म्हणा ना! पण उमाजी अलामोसा बिल नव्हता. चाकरी टिकली नाही, त्याने पुन्हा बंड उभारलं. १५ डिसेंबर १८३१ रोजी तो पकडला गेला, ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फाशी गेला. आणि १८३३ मध्ये मुंबईत रामोशी जमातीवर एक पुस्तक निघालं, त्यात उमाजीचं सविस्तर चरित्र. लेखक कॅप्टन अलेक्झांडर मॅकिन्टॉश, म्हणजे ज्याने त्याला पकडलं तोच. शत्रूचं कौतुकही त्यात आहे, नाही असं नाही. उमाजी तुरुंगात असताना लिहायला-वाचायला शिकला होता. १८३१ मध्ये त्याच्या नावाने इंग्रजांविरुद्ध जाहीरनामाही निघाला. पण जाहीरनाम्यात मागण्या असतात, आयुष्य नसतं. आयुष्य लिहिलं गेलं ते कॅप्टनच्या अक्षरात.

तिसरं पुस्तक तर आमच्या उंबऱ्यातलं. धाराशिवचा हा मुलूख तेव्हा नळदुर्ग जिल्ह्यात. निजामाशी झालेल्या १८५३ च्या तहाने तो काही वर्षं इंग्रजांकडे गेला आणि कारभार पाहायला नळदुर्गच्या किल्ल्यात येऊन राहिला फिलिप मेडोज टेलर. तरुणपणी याच भागात पोलिसी कामावर असताना त्याला वाटेवरच्या खुनांचा संशय आला होता, पण तपास तडीला जायच्या आत त्याची बदली झाली आणि ठगी उघडकीला आणल्याचं नाव स्लीमन या दुसऱ्या इंग्रज अधिकाऱ्याला मिळालं. ती रुखरुख त्याच्या आत्मचरित्रात आहे. स्लीमनने तरी वेगळं काय केलं? पकडलेल्या ठगांना माफीचे साक्षीदार केलं आणि त्यांच्याच जुन्या सोबत्यांच्या मागावर घातलं. टेलरच्या १८३९ च्या कादंबरीत असा एक साक्षीदार, अमीर अली, साहेबासमोर बसून आपली कहाणी सांगतो. ७१९ बळी मोजतो आणि मधे कैद झाली नसती तर हजार भरले असते म्हणून हळहळतो. इंग्लंडात कादंबरी धडाक्याने खपली. बोलतो अमीर अली, लिहून घेतो साहेब.

पॅट गॅरेटचा भूतकाळ निदान त्याचा स्वतःचा तरी होता. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तीही अट काढून टाकली. ठरावीक जातीत जन्मलात की भूतकाळ तयार. सोलापुरात अशा कुटुंबांना तारेच्या कुंपणात ठेवलं, तिथल्या वस्तीला लोक अजून ‘सेटलमेंट’ म्हणतात. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी ही माणसं ‘विमुक्त’ झाली, पाठोपाठ सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. आबांना यातलं कलम एकही पाठ नाही, पण कामाची रीत पाठ आहे. ते चाकरीला होते जिल्ह्याबाहेर; तिथली एक गोष्ट त्यांनी सिनेमा संपल्यावर सांगितली. “चोरी झाली की आदी रजिस्टर उघडायचं. रेकॉर्डवरचे कोण कोण हायत बघायचं. चोर मग हुडकायचा.” सांगताना त्यांचं तोंड गॅरेटसारखं झालं होतं, असं मी म्हणणार नाही. चहा पिताना दिसतं तसंच दिसत होतं, आणि मला तेच जास्त लागलं.

मी कपाटातून ‘उचल्या’ काढून त्यांच्या हातात दिलं. लक्ष्मण गायकवाड शेजारच्या लातूर जिल्ह्यातल्या धनेगावचे. त्यांचं हे १९८७ चं आत्मकथन, पुढच्या वर्षी साहित्य अकादमी पुरस्कार. घरावर पडणारी पोलिसांची धाड त्यात घराच्या आतून लिहिलेली आहे. दार ढकलणाऱ्याला दिसते ती झोपडी वेगळी आणि आत दचकून उठलेल्या पोराला दिसणारा दिवा, काठी, बूट वेगळे. रजिस्टरातल्या नावानेच पेन हातात घेतलं, तेव्हा हे कागदावर आलं.

आबांनी चार दिवस लावून पुस्तक वाचलं. वाचताना मधेच कुणाला काही बोलले नाहीत. परत देताना एवढंच म्हणाले, “धाड बराबर लिव्हलीया.” मी म्हटलं, “आबा, तुम्हीपण लिहा की तुमचं. दुसरी बाजूही येऊ दे.”

“माझ्या हातनं?” आबा हसले. “म्या काय बी लिव्हलं तरी त्येचा पंचनामाच व्हतंय बघ.”